सूर-बेसूर : क्रिएटर, कोळसा आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात जर्मनीच्या ‘क्रिएटर’ या थ्रॅश मेटल (म्हणजे भरधाव, कर्कश गिटारचं रॉक) बँडवर दोन पानं लिहिली, तेव्हा संपादक म्हणाले होते, “आपल्याकडे हे ऐकतं कोण?” आता पत्रांचा गठ्ठा त्यांच्याच टेबलावर पडलाय. निम्म्या लोकांनी शिव्या घातल्यात, पण वाचून घातल्यात. त्यातले काही प्रश्न घेतो. “या वयात हे शोभतं का?” या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही.

चोपड्याहून एक शिक्षक विचारतात : हा बँड कोळशाच्या खाणींच्या गावातला, असं तुम्ही लिहिलंत. मग हे संगीत खाणीच्या आवाजातून आलं असं समजायचं का? आणि तुम्ही जन्मभर दीपनगरला कोळशात काढलात, म्हणून तर तुम्हाला ते गोड लागत नाही ना?

गुरुजी, दुसऱ्याचं आधी सांगतो. मी आमच्या भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात कोल हँडलिंगला होतो. वॅगन टिपलर म्हणजे कोळशाने भरलेला अख्खा रेल्वेचा डबा धरून उलटा करणारं यंत्र. डबा उलटला की पायाखालची जमीन हलायची, शेजारी क्रशर चालू, वर पट्टा चालू. पाळी संपवून घरी आलो की रेडिओसुद्धा नको वाटायचा. तेव्हा यंत्राच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाला खडखडाटच आवडतो, हे खरं नाही. खडखडाटाला ताल नसतो. क्रिएटरला असतो, आणि तोही काट्यावर मोजलेला.

आता पहिला प्रश्न. एसेन हे रूहर खोऱ्यातलं शहर, आणि आल्टनएसेन हा त्याचा उत्तरेकडचा कामगारांचा भाग. तिथे १९८२ मध्ये शाळकरी पोरांनी बँड काढला. नाव आधी वेगळं होतं, मग ‘टॉरमेंटर’ झालं, आणि १९८५ चा पहिला अल्बम येईपर्यंत ‘क्रिएटर’. गिटार आणि गळा मिले पेट्रोझाचा. आडनाव इटालियन, कारण वडील इटलीचे. ड्रमवर युर्गन राइल, ज्याला सगळे व्हेन्टॉर म्हणतात. बेसवर रॉब फिओरेटी. तिघंच. ‘एंडलेस पेन’ आला तेव्हा मिले सतरा वर्षांचा होता. त्यातली जवळपास निम्मी गाणी व्हेन्टॉरने ड्रम बडवता बडवता गायलीत. ऐकताना कळतं की त्याचा श्वास पुरत नाहीये, आणि त्यातच मजा आहे.

या पोरांपैकी मिले काही खाणीत उतरला नव्हता. खाणीत खरोखर काम केलं ते शेजारच्या गेल्सेनकिर्खेनच्या ‘सोडम’ बँडच्या टॉम एंजलरिपरने. क्रिएटरच्या पोरांना संगीत मिळालं ते रेकॉर्डवरून : इंग्लंडचे व्हेनम आणि मोटरहेड, अमेरिकेतून येणारे मेटॅलिका आणि स्लेअर, आणि पोस्टाने या देशातून त्या देशात फिरणाऱ्या कॅसेटी. खाणीचा संबंध दुसरीकडून येतो. एसेनची प्रसिद्ध त्सोलफेराइन खाण २३ डिसेंबर १९८६ ला बंद झाली. क्रिएटरचा दुसरा अल्बम ‘प्लेझर टू किल’ त्याच वर्षीचा. बापाची नोकरी ठरलेली होती आणि पोराची ठरलेली नव्हती, अशा वस्तीत ही पोरं वाढली. आल्टनएसेनमधलीच त्सेखं कार्ल ही जुनी खाण कधीच बंद पडली होती आणि तिचं सांस्कृतिक केंद्र झालं होतं. पोरांना आवाज करायला अशी जागा होती, आणि कोणी येऊन “बंद करा” म्हणत नव्हतं. आपल्याकडे बंद पडलेल्या सूतगिरणीला कुलूप लागतं आणि आत बाभळी उगवतात. हा फरक मला मोठा वाटतो.

पाचोऱ्याहून एक आई लिहितात : मुलगा अकरावीला आहे. दार लावून हेच ऐकतो. अल्बमची नावं वाचून माझा जीव घाबरा होतो. काय करू?

ताई, नावं भयंकर आहेत, नाकारत नाही. पहिल्या दोन अल्बममध्ये भुतं, प्रेतं, रक्त सगळं आहे. सतरा-अठराच्या पोराला जे लिहून आपण मोठे झालो असं वाटतं, ते सगळं आहे. पण पुढे बघा. १९८७ च्या ‘टेरिबल सर्टन्टी’पासून कारखान्यांचं विष यायला लागतं. १९९० च्या ‘कोमा ऑफ सोल्स’मध्ये एक गाणं निसर्गाच्या नाशावर आहे आणि एक सरळ नाझी विचाराच्या विरोधात. जर्मनीत बसून ते ओरडून सांगायला धमक लागते. आणि हे लिहिणारा मिले पेट्रोझा वीगन आहे. मांस तर सोडाच, दूध-तूपही नाही. तुमच्याकडे जेवायला आला तर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर खुशाल खाईल, तूप तेवढं वाढू नका.

मुलाजवळ बसा आणि एक गाणं त्याच्याकडून समजून घ्या, शब्द समोर ठेवून. पोराला आईला काही शिकवायला मिळालं की दार आपोआप उघडं राहतं. काळजी करायचीच असेल तर हेडफोनच्या आवाजाची करा. आमच्या प्लँटमध्ये पंच्याऐंशी डेसिबलच्या वर आठ तास काम असेल तर कानाला बोळे लागत. शंभर डेसिबलला कानाला मानवतो तो वेळ पंधरा मिनिटांवर येतो, आणि पोरांचे हेडफोन तिथवर सहज जातात. फोनमध्ये आवाजाची मर्यादा घालता येते, ती घालून ठेवा. मार्कांचं मात्र मला विचारू नका, ते खातं माझं नाही.

शिरपूरहून : भाऊ, ह्या लोके इतला का बरं बोंबलतस?

गिटारच्या भिंतीपलीकडून ऐकू यायला हवं म्हणून. पण मिलेचं बोंबलणं नीट ऐका. बहुतेक जण खाली घशात गुरगुरतात. याचा आवाज वर, पातळ आणि खरखरीत, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. त्यामुळे इतक्या गोंगाटातही शब्द कळतो. आणि चाळीस वर्षं तो टिकलाय म्हणजे पोटातून जोर लावतो, नुसता घसा ताणत नाही. आपल्याकडे लग्नात माईकवर ओरडणाऱ्याचा आवाज दुसऱ्या हळदीला बसतो.

जळगावहून इंजिनीअरिंगचा विद्यार्थी : काका, नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांनी बँड वाचला, असं तुम्ही लिहिलंय. साफ चूक. ‘रिन्यूअल’ आणि ‘एंडोरामा’ हे त्यांचे सगळ्यात वाईट अल्बम आहेत. खरा क्रिएटर १९९० ला संपतो आणि २००१ ला परत सुरू होतो.

बाळा, ‘वाईट’ आणि ‘वाचवणारे’ यात भांडण नाही. मीही ‘एंडोरामा’ रोज लावत नाही. पण हिशेब मांडू या.

१९८९ ला हे लोक वर होते. ‘एक्स्ट्रीम अॅग्रेशन’ लॉस एंजेलिसला निर्माता रँडी बर्न्सच्या हाताखाली झाला, अमेरिकेत मोठी कंपनी मिळाली, एका गाण्याच्या व्हिडिओचं काही शूटिंग अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर झालं आणि तो एमटीव्हीवर दिसायला लागला. मार्च १९९० मध्ये त्यांनी पूर्व बर्लिनच्या वेर्नर-सीलेनबिंडर हॉलमध्ये कार्यक्रम केला. भिंत पडून चारच महिने झालेले, पूर्व जर्मनी अजून कागदावर वेगळा देश, आणि तिथली पहिली मोकळी निवडणूक दोन आठवड्यांवर. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे, ते बघच. पोरं एकमेकांच्या खांद्यावरून वाहत पुढे येतायत. इतकी वर्षं ज्यांच्या कॅसेटी लपवून ऐकल्या ते समोर उभे, याचं नवल त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मला त्यातलं संगीतापेक्षा ते चेहरे बघणं आवडतं.

मग सिअॅटलहून ग्रंज नावाचं नवं रॉक आलं आणि थ्रॅशचा बाजार बसला. त्या वेळी प्रत्येक बँडपुढे दोनच वाटा होत्या : जुनंच कमी लोकांपुढे वाजवत राहा, नाहीतर दुकान बंद करा. क्रिएटरने तिसरीच धरली. १९९२ चा ‘रिन्यूअल’ फ्लोरिडात टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत केला. तिथे सगळे डेथ मेटल (थ्रॅशहून जड, गुरगुरत्या गळ्याचं) करायला जात, आणि यांनी तिथे जाऊन गती कमी केली, कारखान्यासारखा कोरडा आवाज आणला. १९९५ चा ‘कॉज फॉर कॉन्फ्लिक्ट’ व्हेन्टॉरशिवाय, अमेरिकन ड्रमर जो कँजेलोसीला घेऊन. १९९७ चा ‘आउटकास्ट’ जड आणि संथ. १९९९ चा ‘एंडोरामा’ तर जवळपास गॉथिक, म्हणजे गडद, उदास सुरांचा. मिले चक्क गायला लागला, आणि लॅक्रिमोसा या बँडच्या टिलो वोल्फला पाहुणा म्हणून बोलावलं. जुने श्रोते गेले, तुझ्यासारखे चिडले.

आता २००१ चा ‘व्हायोलंट रिव्होल्युशन’ लाव आणि ‘कोमा ऑफ सोल्स’च्या शेजारी ठेवून ऐक. वेग परत आलाय, पण गाण्यात आता श्वास घ्यायच्या जागा आहेत, सूर आहेत, सुरुवात आणि कडवं वेगळं कळतं. हे १९९० च्या क्रिएटरला जमत नव्हतं. ते शिकायला त्याला ‘एंडोरामा’तून जावंच लागलं. फिनलंडच्या सामी यली-सिर्निओची गिटार आणि अँडी स्नीपची ध्वनिमुद्रणावरची पकड यांचंही श्रेय आहे, मान्य. पण दहा वर्षं ‘प्लेझर टू किल’चाच अर्क काढत बसले असते, तर २०१७ ला ‘गॉड्स ऑफ व्हायोलन्स’ जर्मनीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला नसता. तू म्हणतोस तसं ‘संपतो आणि परत सुरू होतो’ असं नाही. तुझ्या प्लेलिस्टमध्ये मधली अकरा वर्षं नाहीत, एवढंच.

धुळ्याहून, ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवणारे एक जण : आमचं पथक दर दोन वर्षांनी फुटतं. यांचं चाळीस वर्षं कसं चाललं?

भाऊ, यांचंही फुटलंच की. फक्त नाव फुटलं नाही. पहिल्यापासून आजपर्यंत सलग असलेला माणूस एकटा मिले. व्हेन्टॉर १९९४ ला बाहेर पडला आणि दोन वर्षांनी परत आला. फिओरेटी गेला. क्रिस्टियान गीझलर १९९४ ला बेसवर आला तो २०१९ पर्यंत राहिला, आणि मग फ्रान्सचा फ्रेडरिक लक्लेर्क आला, आधी ड्रॅगनफोर्समध्ये होता तो. गिटारवाले तर किती बदलले. फ्रँक गोसझिकला त्यांनी थेट सोडमकडून आणला, म्हणजे शेजारच्या गावातून. आपल्याकडे पाटण्याच्या पथकातला ढोलकीवाला सोनगीरच्या पथकात गेला तर दोन्ही गावं महिनाभर बोलत नाहीत. गोसझिक मात्र पुढे २०१८ ला परत सोडममध्ये गेला, आणि सोडमने घेतलाही.

मला यात दोन गोष्टी दिसतात. गाणी कोणाची हे त्यांच्यात कधी मोघम नव्हतं : मुख्य लिहिणारा मिले, त्यामुळे माणूस गेला तरी गाणी गेली नाहीत. तुमच्याकडे पथक कोणाच्या नावावर आहे? सुपारी कोण घेतं, साउंडचं सामान कोणाच्या गोडाऊनला आहे, आणि बॅनरवर कोणाचा फोटो? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असतील तर ते लग्नसराई संपताच फुटणार, त्याला वाजवण्याचा दोष नाही.

दुसरी गोष्ट, ते एका खोलीत उभं राहून वाजवतात. २००९ चा ‘होर्ड्स ऑफ केऑस’ त्यांनी बराचसा एकत्र वाजवून, टेपवर मुद्रित केला. तुमचे कलाकार शेवटचे एकत्र कधी बसले, स्टेज सोडून? पेन ड्राइव्हवर ट्रॅक टाकून परस्पर हॉलवर भेटणाऱ्यांचं पथक हे पथक नसतं, ती चार सुट्या माणसांची मजुरी असते.

अमळनेरहून : दादा, मी गिटार शिकतोय. यांच्यासारखं भरभर वाजवायला कोणता पेडल घेऊ?

पेडल राहू दे. उजवा हात दाखव.

थ्रॅशची सगळी विद्या उजव्या हातात आहे. करंगळीखालची तळहाताची कड ब्रिजवर टेकव, बरोबर जिथे तारा ब्रिजवरून उठतात तिथे. आता जाडी तार खाली मार. ‘डुग्’ असा मिटलेला आवाज यायला हवा, पण त्यात सूर कळला पाहिजे. हात गळ्याकडे जरा सरकला की सूर मरतो आणि नुसती ‘टक्’ उरते. मागे सरकला की तार मोकळी होऊन घणघणते. मधली ती जागा एका बोटाच्या रुंदीएवढीसुद्धा नसते. ती डोळे मिटून सापडायला लागली की मग वेगाचं बोल.

पिक जाड घे, एक मिलिमीटर किंवा वर, आणि बोटांतून त्याचं टोक जेमतेम बाहेर ठेव. जास्त बाहेर असलं की ते तारेत अडकतं. हालचाल मनगटातून, कोपर हलायला लागलं की थांब, कारण दुखणं तिथून सुरू होतं. मेट्रोनोम शंभरवर लाव, एका ठोक्याला चार वार. सलग दोन मिनिटं एकसारखे आले तर पाचने वाढव. आणि अँपवरचा गेन, म्हणजे आवाज फाटवणारं बटण, कमी कर. सगळ्या नव्या पोरांना वाटतं गेन वाढवला की जड वाटतं. गेन जास्त झाला की वार एकमेकांत मिसळतात आणि चुका लपतात, म्हणून तर तो वाढवावासा वाटतो. ‘एक्स्ट्रीम अॅग्रेशन’चा आवाज ऐक, किती कोरडा आहे. प्रत्येक वार सुटा मोजता येतो.

सावद्याजवळच्या एका गावाहून चौघे मित्र : काका, आमचा बँड आहे. घरी वाजवू देत नाहीत. एकाच्या वडिलांची केळी पिकवायची रायपनिंग चेंबर आहे, हंगाम नसताना एक रिकामी असते. पफ पॅनलच्या भिंती आहेत, आवाज बाहेर जाणार नाही ना? तिथे सराव करावा का?

या अंकातलं सगळ्यात आवडलेलं पत्र. पण भो, जरा थांबा.

पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये भरलेला फोम, उष्णता अडवतं, आवाज नाही. ते वजनाला हलकं असतं, आणि आवाज अडवायला वजन लागतं, विशेषतः बेस आणि ड्रमचा. गाव झोपलेलं असेल तर शेवटच्या घरालाही तुमचा किक ड्रम कळेल. शिवाय आतून चकचकीत पत्रा असल्याने आवाज भिंतींवर आपटून परत येईल आणि कोण काय वाजवतंय ते तुम्हालाच कळणार नाही. घरातल्या जुन्या गोधड्या भिंतीपासून वीतभर सोडून टांगा, ड्रमच्या मागे आणि अँपच्या समोर आधी. कापूस भरायच्या भानगडीत पडू नका, एक ठिणगी पुरते.

त्याहून महत्त्वाचं : चेंबर हवाबंद असते. माल असताना तिच्यात इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतात, केळी कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि तो बाहेर काढायला ठरावीक वेळाने दार उघडावं लागतं हे तुमच्या बाबांना पाठ असेल. रिकाम्या चेंबरमध्येही चार जण दार लावून दोन तास घाम गाळणार म्हणजे हवा खराब होणारच. दार उघडं ठेवायचं, पंखा बाहेरच्या तोंडाला लावायचा. शेजारच्या चेंबरमध्ये माल आणि गॅस चालू असेल त्या दिवशी सराव बंद, यात घासाघीस नाही. दार आतून उघडतं की नाही ते पहिल्या दिवशी सगळ्यांनी करून बघा.

आणि सामान तिथे ठेवून येऊ नका. माल भरला की आत नव्वद टक्क्यांवर दमटपणा ठेवतात. गिटारच्या तारा आठवड्यात गंजतील, मान वाकेल, स्पीकरचा कागद फुगेल. वाजवलं की उचलून घरी. लाइटबिलाचं बाबांशी आधीच बोलून घ्या, कारण ट्यूब अँप आणि दोन पंखे मिळून मीटर फिरतं, आणि बँड तिथेच बंद पडतो.

भुसावळहूनच, नाव न देता : सुरुवात कुठून करू? एवढे अल्बम आहेत.

गावातलेच आहात तर घरी या. येता येत नसेल तर ‘व्हायोलंट रिव्होल्युशन’पासून धरा, कारण आजच्या कानाला तो सोपा जातो. मग मागे ‘एक्स्ट्रीम अॅग्रेशन’, मग ‘कोमा ऑफ सोल्स’. ‘प्लेझर टू किल’ला घाई नको. हॅरिस जॉन्सने बर्लिनमध्ये केलेलं ते मुद्रण ओबडधोबड आहे, पहिल्यांदा ऐकणारा पळून जातो, आणि अमेरिकेतल्या डेथ मेटलवाल्यांनी तोच अल्बम का डोक्यावर घेतला ते कळत नाही. तो नंतर, एकटे असताना, मोठ्याने. ‘एंडलेस पेन’ कौतुक म्हणून ऐका. २०२२ चा ‘हेट यूबर आलेस’ मला मधला-मधला वाटतो, पण त्या वयात त्या वेगाने वाजवतात हे ऐकायला तरी लावा. ‘एंडोरामा’ सगळ्यात शेवटी, आणि आवडला तर जळगावच्या त्या पोराला एक पोस्टकार्ड टाका.